चार नंबरची खाट

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मागे तुझी बोटं टकटक वाजत असतात, म्हणून पत्र लिहितेय. पत्र वाचताना तरी हात रिकामे ठेवावे लागतात. कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा पाठकोरा आहे. चांगला जाड आहे, टाकवला नाही.

काम आहे. प्रार्थना मंडळाच्या हॉलमागची आपली खोली तुला आठवत असेल. आजाऱ्याच्या घरी जे सामान लागतं ते आम्ही तिथे ठेवतो, मागेल त्याला वापरायला देतो, काम झालं की परत आणायचं एवढीच अट. तू शिकायला बाहेर पडलीस तेव्हा तिथे दोन खाटा आणि एक चाकाची खुर्ची होती. आता एकसष्ट वस्तू आहेत: पाठ वर उचलणाऱ्या खाटा, हवेच्या गाद्या, वॉकर, काठ्या. तुझे दादा खुर्च्यांच्या चाकांना तेल घालतात, आणि कोणी बघत नसलं की एक चक्करही मारून घेतात.

चौदा वर्षं झाली. कोणती वस्तू कोणाकडे, कधी गेली, पुढे कोण थांबलंय, हे सगळं माझ्या वहीत असतं, आणि वहीत नसेल ते माझ्या डोक्यात. गेल्या आठवड्यात मला दोन दिवस ताप होता. दुपारी खोलीवर बसणाऱ्या शिक्षिकाबाई वही घेऊन थेट माझ्या उशाशी आल्या. मी पांघरुणातून तोंड काढून सांगतेय, त्या लिहून घेताहेत. निघताना म्हणाल्या, "तुम्ही नसलात तर कुलूपच लावायचं की हो."

तेच मनाला लागलंय. माझ्याशिवाय ही खोली चालली पाहिजे. नाहीतर हॉलवाले टपलेलेच आहेत, त्यांना खुर्च्या रचायला जागा हवीय. तू दिवसभर परक्यांना कामाचे प्रोग्राम करून देतेस, एक घरासाठी कर. एक जुना कॉम्प्युटर मिळालाय, चालतो. मी मॅट्रिक, पण दाखवलंस तर शिकेन.

तुझी,
वहिनी


१९ मार्च

प्रिय वहिनी,

सा. न.

पत्र पोचलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये थंड झालेला चहा पीत होते. आमचं काम एका कारखान्याच्या हजेरीचं आहे. ते महिन्यापूर्वी संपणार होतं, अजून निम्मं व्हायचंय. साहेब रोज सकाळी येऊन "झालंच ना?" विचारतात आणि आम्ही रोज "झालंच" म्हणतो.

तुझ्या कामाचा विचार केला. दोन रस्ते आहेत.

एक, शीट. म्हणजे आडव्याउभ्या रकान्यांचा मोठा तक्ता. हा शाळेच्या फळ्यासारखा असतो: कोणीही यावं, कुठेही लिहावं, कुठेही पुसावं. म्हणूनच सगळ्यांना आवडतो.

दुसरा, डेटाबेस. ती खिडकीची कचेरी आहे. आत कोणाला सोडत नाहीत. खिडकीतून सांगायचं, "ही खाट या घरी गेली," मग आतला कारकून आधी तपासतो की ती खाट आहे का, दुसऱ्या घरी तर नाही ना, आणि मगच लिहितो. काम पक्कं होतं, पण ती कचेरी बांधावी लागते. माझे चार-पाच रविवार जातील, आणि वहिनी, सध्या माझ्याकडे रविवारच उरलेले नाहीत. धुतलेले कपडे सोमवारपासून खुर्चीच्या पाठीवर आहेत.

तेव्हा शीट केलीय. एकसष्ट वस्तूंना पुरे. सोबतच्या चिठ्ठीत कशी उघडायची ते लिहिलंय. वहीतलं सगळं शिक्षिकाबाईंकडून भरून घे.

आणि हे काय? मुंगीच्या पायांएवढी अक्षरं काढून एका कागदावर तीन पत्रं बसवणारी तू, यंदा बोटाएवढी अक्षरं? चार ओळींत पान संपवलंस. लॉटरी लागली का?

तुझी,
धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

शीट उघडली. शिक्षिकाबाईंनी आठ दुपारी बसून सगळी वही तिच्यात घातली. आता त्यांचा रुबाब बघण्यासारखा आहे. कोणी खाट मागायला आलं की "थांबा हं, सिस्टिम बघते" म्हणतात. समोरचा माणूस आपोआप हात जोडून उभा राहतो.

सगळ्यांना सोपं पडतंय, हे खरं. पण एक विचारू का? माझ्या वहीत एका वस्तूला एक पान आहे. चार नंबरच्या खाटेचं पान उघडलं की ती चौदा वर्षांत कोणाकोणाकडे राहिली ते ओळीने दिसतं. घरांची वही वेगळी, तिथे एका घराला एक जागा. तुझ्या शीटमध्ये मागच्या गल्लीतल्या टेलरचं घर तीनदा आहे, कारण त्यांच्याकडे खाट, गादी आणि खुर्ची अशा तीन वस्तू आहेत. त्यांचा फोन बदलला. आम्ही दोन ठिकाणी बदलला, तिसऱ्या ठिकाणी जुनाच राहिला. हे बरोबर आहे का? मला आपलं वाटलं, एक गोष्ट एकाच जागी लिहिलेली असावी.

आणखी एक. शेरा म्हणून तू जो रकाना ठेवलास, त्यात बायका वाट्टेल ते लिहितात. "परत येणार", "चाक कुरकुरतं", "सून बोलायला तुसडी", "रुग्ण गेले", सगळं एकाखाली एक. तुझ्या दादांनी एकदा वाचलं आणि म्हणाले, "यात माझं नाव असेल तर आधीच सांगा."

अक्षर मोठं म्हणतेस ते पेनामुळे. टोक झिजलंय.

जेवत जा वेळेवर. तुझं नाव घेऊन रोज एक माळ जपते, पण पोळी काही माळेतून पोचत नाही.

वहिनी


२२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू जे विचारलंस ते आमच्याकडे नवीन मुलांना सहा महिने शिकवावं लागतं. एक गोष्ट एकाच जागी. वस्तूंची वही वेगळी, घरांची वेगळी, आणि कोणती वस्तू कोणत्या घरी गेली त्याची ओळ तिसरीकडे. तुझी वही हाच डेटाबेस आहे. तू चौदा वर्षांपूर्वी बरोबर केलंस आणि मी तुला फळ्यावर आणून बसवलं.

पण खरं सांगते, आत्ता होणार नाही. कारखान्याचं काम मेअखेर द्यायचंय. बसमध्ये उभ्याउभ्या डोळे मिटतात. परवा घराची किल्ली म्हणून ऑफिसचं कार्ड कुलपाला लावत होते, शेजारीण बघून हसली. जूनमध्ये नक्की बघते. तोवर शीटवर चालव, आणि सगळ्यांना सांग, जपून लिहा. शीट वाईट नसते, माणसं घाई करतात.

एवढंच. डोकं चालत नाहीये.

धाकटी


१८ मे

चि. धाकटीस,

खोली जूनअखेर बंद करायचं ठरवलंय. सामान सरकारी दवाखान्याला देऊन टाकू, त्यांनी हो म्हटलंय. हॉलवाल्यांना तसं सांगितलं. तुझ्या शीटचं काम आता राहिलं नाही. तू केलंस, त्याबद्दल बरं वाटलं.

फोन करू नकोस. मी फोन घेत नाही हल्ली.

वहिनी


२५ मे

वहिनी,

नऊ वेळा फोन केला. दहाव्यांदा दादाने उचलला आणि म्हणाला, "तिलाच विचार." तुला फोन द्यायला सांगितलं तर म्हणे, "ती देवासमोर बसलीय." सकाळी अकरा वाजता? दुपारी चार वाजता? संध्याकाळी सात वाजता? देवाला तरी विश्रांती दे.

मी चिडलेय, आणि चिडायलाही त्राण नाही, म्हणून सरळ लिहिते. मागच्या पत्रात मी तुसडेपणाने लिहिलं, ते तुला लागलं असणार. जूनमध्ये बघते म्हटलं म्हणून तू खोलीच बंद करतेस? शीट आवडली नाही तर टाकून दे, वही काढ. पण चौदा वर्षांचं काम असं फुरंगटून मोडतात का? मी सातवीत असताना तू या घरात आलीस. मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा तू रुसली नाहीस. मग आत्ता काय झालं?

"माझ्याशिवाय खोली चालली पाहिजे," हे तुझंच वाक्य. मार्चचं पत्र माझ्या समोर आहे.

धाकटी


२ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रुसले नाही गं. तुझ्यावर कशाला रुसू?

सांगायचं नव्हतं, पण तू भलतंच मनाला लावून घेशील. चौदा मे, सकाळची साडेनऊची वेळ. शिक्षिकाबाई यायच्या होत्या. मी एकटीच खोलीवर बसून शीटमधून कोणती खाट परत यायचीय ते बघत होते. एका खाटेपुढे टेलरचं नाव, आणि शेऱ्यात लिहिलेलं: "रुग्ण गेले. खाट आणायची." मला वाईट वाटलं. माणूस गेल्याचं आपल्याला कळलंसुद्धा नाही, निदान दोन शब्द बोलावेत, म्हणून फोन लावला. टेलरबाईंनी उचलला. मी म्हटलं, "बाई, फार वाईट झालं. देव त्यांना शांती देवो. खाटेची घाई नाही, तुमचं सगळं आवरल्यावर कळवा."

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

धाकटे, त्या दिवशी पहाटे टेलरना श्वास लागला म्हणून त्यांच्या मेव्हण्याने दवाखान्यात नेलं होतं. बाई घरी कपड्यांची पिशवी भरत होत्या. त्यांना वाटलं, दवाखान्यातून निरोप माझ्याकडे आला. तशाच अनवाणी धावत सुटल्या. दोन मैलांवर दवाखाना. तिथे पोचल्या तर नवरा उशीला टेकून बसलेला, "चप्पल कुठंय तुझी?" विचारतोय.

तो ठीक आहे. त्या ठीक नाहीत. मी माफी मागायला गेले तर दार अर्धं उघडून म्हणाल्या, "तुम्ही देवाधर्माच्या बायका ना? मग मारलंत कसं त्याला?" आणि दार लावलं.

आता दुसरं. पेनाचं टोक झिजलेलं नाही. माझ्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झालाय, जानेवारीपासून. मधोमध धूसर दिसतं, ओळ सरकते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने जाणारा नाही, हळूहळू वाढेल. म्हणून तर खोली माझ्या हातातून सोडवून घ्यायची होती. दुसऱ्याच कोणाच्या तरी ओळीतला शेरा मी टेलरच्या ओळीत वाचला. एक ओळ चुकले आणि जिवंत माणसाला मारलं. उद्या काय करीन? कोणाला कोणतं सामान पाठवीन?

दुसऱ्या कोणी पुढे यायला तयार नाही. शिक्षिकाबाई म्हणतात, "तुमच्यासारख्या बाईची चूक होते तर आमची काय गत?" म्हणून बंद. तुझ्या दादांना डोळ्यांचं माहीत आहे, मीच कोणाला सांगू नका म्हटलं होतं. त्यांना रागावू नकोस.

वहिनी


९ जून

प्रिय वहिनी,

हे पत्र दादाला मोठ्याने वाचायला सांग. दोनदा.

तुझे डोळे चुकले नाहीत. तू ओळ बरोबर वाचलीस. ओळच खोटी होती.

ऑनलाइन शीटमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद मागे राहते. तुझं पत्र वाचून मी ती उघडली. अकरा मे, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं, खोलीवरचाच कॉम्प्युटर. कोणीतरी नाव आणि फोन हे दोनच रकाने निवडले आणि अक्षरानुक्रमे लावले. बाकीचे रकाने, म्हणजे वस्तू, तारीख, शेरा, जागच्या जागी राहिले. एका क्षणात एकसष्ट ओळींची नावं त्यांच्या सामानापासून तुटली. कोणाची खाट कोणाच्या नावावर, कोणाचं मरण कोणाच्या नावावर. शीटने "खात्री आहे का?" असं विचारलंसुद्धा नाही, सांगितलं तेवढं केलं.

मी शिक्षिकाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हो, मीच लावली नावं. वर्गाची हजेरी पस्तीस वर्षं तशीच लावली, सापडायला सोपी जाते. फोन नावाबरोबर राहिला पाहिजे म्हणून तोही सोबत घेतला." वहिनी, त्यांनी विचार करून केलं. हजेरीपटात नावापुढे दुसरं असतं तरी काय? मग त्यांना कळलं की काय झालंय. त्यांना काही बोलू नकोस.

बोलायचं असेल तर मला बोल. असं होतं हे मला माहीत होतं. आमच्या धंद्यात प्रत्येकाला माहीत असतं, एका रकान्याला दुसऱ्यापासून तोडायला शीटमध्ये दोन क्लिक पुरतात. चारजणी हात घालणार, माणसांच्या घरचं आजारपण त्यात लिहिणार, तिथे शीट देऊ नये, हेही माहीत होतं. माझे रविवार वाचवायला मी दिली. तू एप्रिलमध्ये विचारलंस तेव्हा पुन्हा कळलं, तरी "जपून लिहा" म्हणाले. आणि वर "माणसं घाई करतात" हे लिहिणारीही मीच.

तुझ्या अक्षराची थट्टा केली त्याबद्दल काय लिहू, सुचत नाही.

साहेबांना सांगून पाच दिवसांची रजा घेतली. ते म्हणाले, "आत्ता? लग्न आहे का?" मी म्हटलं, "हो, तसंच समजा." डेटाबेस बांधायला घेतलाय. यात घराचं नाव हलवलं तर त्याचं सामान त्याच्याबरोबरच हलतं, तुटत नाही. एक खाट एका वेळी दोन घरी जाऊ शकत नाही. मुळात बाहेर न गेलेली वस्तू परत आली म्हणून लिहिता येत नाही. नावं अक्षरानुक्रमे बघायची तर शिक्षिकाबाईंनी खुशाल बघावीत, नुसतं बघितल्याने आत काही बदलत नाही.

खोली तीस तारखेला बंद करू नकोस. थोडी मुदत माग, मिळेल हॉलवाल्यांकडून. आणि टेलरबाईंना हे पत्र दाखव. चूक कोणाची ते त्यांना कळू दे.

धाकटी


३० जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझ्या दादांनी पत्र दोनदा वाचलं. महिनाभर मी देवाला एकच विचारत होते, माझ्या हातून का? आता हात माझा नव्हता हे कळलं, तर हलकं वाटायला हवं. वाटलंही. पण फोनवर बोलले मीच ना. लिहिलेलं दिसलं आणि मी एकदाही "बाई, घरी कसं आहे?" असं आधी विचारलं नाही. ते काही शीटने सांगितलं नव्हतं. तेवढं माझ्याकडे राहू दे.

टेलरबाईंकडे पत्र घेऊन गेले. सोबत शिक्षिकाबाई होत्या, नको म्हटलं तरी आल्या. बाईंनी दारातच उभ्याने वाचलं. रकाने, क्लिक वगैरे त्यांना कळलं असेल नसेल. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "चूक माझी. मी लावली नावं." टेलरबाई दोघींकडे बघत म्हणाल्या, "तिघीतिघी माफी मागताय. एकीने तरी आधी बघायचं होतं." आतून टेलर ओरडले, "कोण आहे? मी गेलो म्हणून आलेत का भेटायला?" बाईंना हसू आलं नाही. मलाही नाही. शिक्षिकाबाईंना मात्र आलं, आणि मग त्या रडायलाच लागल्या.

तुझा प्रोग्राम सोमवारी चालू झाला. दुपारी तीनला टेलरबाई खोलीवर हजर. म्हणाल्या, "माझ्या घराबद्दल आत काय लिहिलंय ते मला बघायचंय." दाखवलं. चार नंबरची खाट, गादी, खुर्ची, फोन एकदाच. मंगळवारी परत आल्या. "आजही बघते." बुधवारी शिक्षिकाबाईंनी त्यांना स्टूल दिलं. आता रोज दोन तास येतात, टेलर झोपलेले असतात तेवढा वेळ. आम्ही काहीही लिहिलं की मागून विचारतात, "खात्री केली? कोणाला विचारलंत?" तुझ्या डेटाबेसपेक्षा कडक कारकून आहे.

एक बदल कर. सामान परत आलं की तुझा प्रोग्राम "कारण" विचारतो. ते काढून टाक. परत आलं एवढं पुरे. बरं होऊन आलं की जाऊन आलं, हे एखाद्या रकान्यात लिहायची गोष्ट नाही. ज्या घरचं ते त्या घरी राहू दे.

हॉलवाल्यांना अजून तीन महिने मागितलेत. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दिले. माझं दिसणं कमीकमी होतंय. तीन महिन्यांत माझ्याशिवाय चाललं तर चाललं.

वहिनी


११ जुलै

प्रिय वहिनी,

कारण काढलं. तू सांगेपर्यंत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आम्हाला सवय असते, रकाना मोकळा दिसला की काहीतरी विचारायचं.

कारखान्याचं काम दिलं. साहेबांनी पेढ्याऐवजी दुसरं काम दिलं. या वेळी पहिल्या दिवशीच विचारलं, "हे शीटवर उरकून टाकू या का?" मी नाही म्हटलं. का, ते लांबलचक सांगितलं नाही. म्हटलं, "घरी एकदा केलंय." ते म्हणाले, "ठीक, पण तारीख तीच राहील." म्हणजे दमणूकही तीच राहील. असो.

पुढच्या महिन्यात येते. तुझ्या डॉक्टरांशी मला बोलायचंय.

धाकटी


२१ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतेय, लिहिणारी दुसरी आहे. तू येऊन गेल्यापासून माझं लिहिणं जवळजवळ संपलंय. वाचायचं तर केव्हाच संपलं.

टेलर नऊ तारखेला गेले. घरीच, दुपारी, झोपेत. टेलरबाई आठ दिवस आल्या नाहीत. आम्हीही कोणी फोन केला नाही. शिक्षिकाबाई रोज त्यांच्या दारापर्यंत जायच्या आणि बाहेर चप्पल दिसली की परत यायच्या. नवव्या दिवशी हातगाडीचा आवाज आला. खाट घेऊन बाई स्वतः आल्या होत्या. तुझे दादा म्हणाले, "अहो, मी आणली असती." त्या म्हणाल्या, "नेताना सही मी केली होती."

खाट धुऊन आणली होती. चारही पाय पुसलेले.

स्टुलावर बसल्या, प्रोग्राम उघडला. चार नंबर काढला. "परत आली" वर बोट ठेवलं. त्याने तारीख विचारली, त्यांनी घातली. मग थांबल्या. मला म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." शिक्षिकाबाईंनी खिडकी उगाच उघडली आणि उगाच लावली.

मग टेलरबाईंनी विचारलं, "आता कोणाची पाळी?" यादीत पहिलं घर एका म्हाताऱ्या आजींचं होतं, मुलगी गुरुवारपासून थांबली होती. फोन माझ्या बाजूला होता. मे महिन्यापासून मी तो उचललेला नाही, तुला माहीत आहे. बाईंनी हात लांब करून तो ओढून घेतला आणि नंबर लावला. आधी म्हणाल्या, "आजी कशा आहेत?" पलीकडची मुलगी बोलत राहिली, खूप वेळ बोलली. बाई "हो, हो" करत ऐकत होत्या. तिचं सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी खाटेचं नावही काढलं नाही.

हॉलवाल्यांची मुदत महिनाअखेर संपते. शिक्षिकाबाई आणि हे लिहिणाऱ्या टेलरबाई, दोघी जाऊन बोलणार आहेत. मला म्हणाल्या, "तुम्ही घरी बसा." तर मी बसणार आहे.

तुझी,
वहिनी

ता. क. हे लिहिणारीकडून. वहिनींनी सांगितलं तसं सगळं लिहिलंय, काही ठिकाणी गाळावंसं वाटलं पण गाळलं नाही. तुमच्या प्रोग्रामबद्दल एक तक्रार आहे. कोणाची पाळी ते त्यात दिसतं, पण ते घर किती दिवस थांबलंय ते दिसत नाही. ज्या घरात माणूस जमिनीवर झोपलेला असतो, त्या घराला दिवस बरोबर माहीत असतात. आपल्यालाही दिसले पाहिजेत. तेवढं लवकर करून पाठवा.